जमा: दोन कॉफी

कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला आधी वासानं कळलं.
घर नवं, तीन महिन्यांचं,
आणि कपाटातल्या चादरींना तळघराचा वास.

बेल्मिरोनं भिंतीला तळहात लावला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
बोलला काहीच नाही.

बत्तीस वर्षं लक्झेंबर्गमध्ये त्यानं गवंडीकाम केलं,
बँकवाल्यांच्या भिंती उभ्या केल्या,
आणि मी तसल्याच घरांतल्या फरशा पुसल्या
गुडघ्यांखाली जुना टॉवेल घेऊन.
म्हातारपणी गावाकडं परतायचं,
द्राक्षांच्या उताराकडं तोंड करून बसायचं,
मागणं काही फार मोठं नव्हतं.

आदेलिनो दर शुक्रवारी फोटो पाठवायचा.
हा पाया, दोना ग्रासिएते.
ह्या सळया, बघा, अंगठ्याएवढ्या.
हा तुमच्या स्वयंपाकघरातला सकाळचा उजेड.
दर शुक्रवारी मी बँकेत जायची.
एका फोटोत उंबऱ्यापाशी तीन पायांचं कुत्रं होतं.
मी त्याला नावही ठेवलं होतं, फारुस्को.
इथं आल्यावर त्याला शोधलंसुद्धा.

परवा प्रार्थना सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर,
जिनिव्हाहून परतलेली झुल्मिरा
तिच्या घराचे फोटो दाखवत होती.
तिच्या उंबऱ्यापाशी फारुस्को.
बोर्दोच्या ओर्लांदोनं खिशातून फोन काढला,
चष्मा पुसला.
त्याच्याही उंबऱ्यापाशी फारुस्को.
पाया एक, तिघांना विकलेला.
आम्ही आधी हसलो. खूपच हसलो.
मग झुल्मिरा पायरीवर बसली ती उठेचना.

त्या रात्री बेल्मिरोनं ओळंबा काढला,
बापाचा, पितळी, फडक्यात गुंडाळलेला.
छतापासून जमिनीपर्यंत
भिंत चार बोटं कललेली.
मग त्यानं छिन्नी लावली.
गिलावा पापडासारखा निघाला,
आणि भिंतीच्या पोटातून
सिमेंटची रिकामी पोती, बिअरच्या तीन बाटल्या,
कुणाचा तरी डाव्या हाताचा मोजा.
चुना लावला म्हणावं
तर चुनासुद्धा नव्हता. नुसती वाळू.
'माझ्या हाताखाली असता,' बेल्मिरो म्हणाला,
'तर पहिल्याच दिवशी घालवला असता.'
आणि लाज मात्र त्यालाच वाटत होती,
मला दिसत होतं ते.

शहरातल्या वकीलबाई म्हणाल्या, करार दाखवा.
करार?
त्याच्या बाप्तिस्म्याला मी त्याला मांडीवर घेतलं होतं.
त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

मंगळवारी तो कॅफेत भेटला.
उठून मिठी मारली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.
सिमेंट महागलं, माणसं फ्रान्सला पळाली,
आणि तुमच्या डोंगरातच पाणी आहे, त्याला मी काय करू?
डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं त्याच्या.
अशा माणसाला शिवी द्यायची
तर आधी त्यालाच रुमाल द्यावा लागतो.
जाताना त्यानं आमच्या कॉफीचे पैसे दिले,
वरखर्चाचे वीस सेंट ठेवले बशीत.

घरी येऊन मी वही उघडली.
डावीकडं शुक्रवार, एकाखाली एक,
चार पानं.
उजवीकडं, पहिल्यांदाच, लिहिलं:
जमा: दोन कॉफी. एक युरो चाळीस.

आता पहाटे सहाला बेल्मिरो मसाला कालवतो.
सदुसष्ट वर्षांचा आहे. विटा मी देते,
एकेक, कारण दोन उचलवत नाहीत.
गुरुवारी झुल्मिराकडं, शनिवारी ओर्लांदोकडं.
आमची भिंत शेवटी.
ओळंब्याची दोरी स्थिर व्हायची वाट बघत
तो आज मध्येच म्हणाला,
'त्याची कॉफी तू प्यायलीसच कशी?'

'गार होत होती,' मी म्हटलं.
आणि पुढची वीट दिली.